विहीणबाईंचं पान मागंच उघडावं

फोनवर ‘नांदेड’ असं नाव उमटलं की मी हातातलं काम टाकायची आणि समोरचं माणूस बोलायच्या आत म्हणायची, "नांदेड, बोला." पलीकडून ठणठणीत आवाज यायचा, "लातूर, लाइन धरा." हा आम्हा दोघी विहिणींचा रामराम. त्या दिवशी सकाळी मी धपाट्याचं पीठ मळत होते. हात भरलेले, म्हणून करंगळीनं फोन उचलला आणि सवयीनं म्हटलं, "नांदेड, बोला." पलीकडं नुसता श्वास. मला वाटलं, चेष्टा चालली असेल, त्यांना सवयच होती. मी म्हटलं, "काय नांदेड, लाइन खराब हाय का?" तर तिकडं कुणीतरी रडायलाच लागलं. त्यांची धाकटी जाऊ होती, सुनंदा. "मावशी... वैनी गेल्या." आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "कुठं गेल्या?" पलीकडं रडणं आणखी वाढलं. मलाही मग कळलं, पण पिठातला हात काही बाहेर निघेना. किती वेळ मी ते पीठ मळत राहिले देव जाणे. शेवटी ते इतकं सैल झालं की त्याचं धपाटं थापता आलं नसतं.

रत्नमालाबाई माझ्या मुलीच्या सासूबाई. माझी एकुलती एक जयश्री नांदेडला दिली, आणि लग्नानंतर दोनच वर्षांत ती आणि जावई प्रशांतराव कॅनडाला गेले. झालं, लातूरला मी एकटी, नांदेडला त्या एकट्या. आमचे मालक आधीच गेलेले, त्यांचेही गेलेले. शेत बटईनं दिलेलं. मी सातवी शिकलेली. त्या मॅट्रिक होऊन टेलिफोनच्या एक्स्चेंजमधे नोकरी केलेल्या. माहेर त्यांचं अर्धापूरकडचं, केळीच्या बागांतलं. म्हणायच्या, "मला केळीच्या पानानं वाढवलं अन् वायरीनं पोसलं." बोलायला अशा की समोरच्यानं हसूनच उठावं. आणि तरी मी सांगते, लोकांत त्या कधी पुढं दिसायच्या नाहीत. फोटोत बघाल तर कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धं तोंड.

लग्नातलीच गोष्ट घ्या. आमच्याकडं वराच्या आईचा मान म्हणजे काय विचारता! तिचा पाट वेगळा, तिची पंगत वेगळी, तिला वाढताना भात जरा इकडं सांडला तरी वर्षभर बोलणं खावं लागतं. माझ्या भावजयांनी मला आधीच तंबी दिली होती, "आक्का, विहीण रुसली तर पाया पड, पण तोंड उघडू नको." मी पुरणपोळी घेऊन वाढायला गेले तर मानाचा पाट रिकामा. विहीणबाई कुठं? तर मांडवाच्या पार मागं, भांडी घासणाऱ्या बायांशेजारी बसून जेवत होत्या. मी घाबरले. म्हटलं, "काही चुकलं का आमचं?" तर म्हणाल्या, "चुकलं न्हाई हो. तिथं सगळे तोंडाकडं बघतात, घास उतरत न्हाई. वाढा इथंच, अन् तूप सोडा चांगलं, विहीण हाव मी." मग पाठवणी झाली. मोटार हलली. मी तशी रडणारी बाई नाही, पण त्या मोटारीमागं चार पावलं चालत गेले. तेवढ्यात पाठीवर मागून एक हात आला. नुसता टेकवलेला, थोपटणं नाही, की ‘उगी उगी’ नाही. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, माझी मोठी बहीण असेल. मोटार वळणाआड गेली तेव्हा मागं बघितलं, तर नवरदेवाची आई! वऱ्हाड निघून गेलं आणि ही बाई माझ्या मागं उभी. म्हणाल्या, "माझी दुसऱ्या गाडीत जागा हाय. चला, येते."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई पानाचं सांगणार होती, लग्नाचं काय सांगत बसली. सांगते. पान म्हणजे इंटरनेटवरचं पान. झालं असं की जयश्री तिकडून फोन करून विचारायची, भज्जीला काय काय घालू? मी सांगायची. तोच प्रश्न ती सासूला विचारायची, तर त्या म्हणायच्या, भज्जी आमच्याकडं कुठं असती, ती लातूरकरांच्या येळवशीची. आता येळवस म्हणजे आमची मार्गशीर्षातली अमावास्या. सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप उभारून पूजा करतं, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे खातं. नांदेडकरांना त्याचं एवढं नाही. आणि केळफुलाच्या भाजीचं मला विचारलं की माझीच पंचाईत. शेवटी जयश्री वैतागली. "तुम्ही दोघी एकदा काय ते लिहून इंटरनेटवर ठेवा. मी आणि रेवा बघून करू." रेवा म्हणजे आमची नात, दोघींची एकच. जयश्रीचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडं होता, त्यांच्याकडं प्रशांतरावांचा. आणि आम्ही खरंच शिकलो बघा. कुणी क्लास नाही, कुणी मास्तर नाही. त्यांना एक्स्चेंजपासून इंग्रजी वाचता यायचं, मला चिकाटी होती. त्या वाचायच्या, फोनवर सांगायच्या, मी करून बघायची. फसलं की मी सांगायची, त्या परत वाचायच्या.

आमची दोन पानं झाली. एक ‘लातूर’, एक ‘नांदेड’. पासवर्ड दोघींचा एकच, नातीच्या नावाचा. माझ्या पानावर केळफुलाचं नाव आलं की त्यावर टिचकी मारायची, म्हणजे विहीणबाईंचं पान उघडायचं. त्यांच्या पानावर भज्जी आली की माझं. याला लिंक म्हणतात हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आम्हाला पहिल्यांदा ती जमली तेव्हा लातुरात मी आणि नांदेडात त्या, दोघी फोनवर ओरडलो होतो. त्या म्हणाल्या, "लागला की हो ट्रंक कॉल!"

पानाचा सांगाडा एका भाषेत लिहितात आणि त्याचे रंग, अक्षरं, समास दुसऱ्या फायलीत लिहितात, तिला सीएसएस म्हणतात. विहीणबाईंनी मला समजावलं ते असं, "पान म्हणजे बाई. सीएसएस म्हणजे तिचं लुगडं. बाई तीच, लुगडं बदललं की रूप बदलतं." दोन्ही पानांना आम्ही एकच लुगडं नेसवलं होतं, म्हणजे फाइल एकच, दोघींनाही त्यात लिहिता यायचं. आणि तिथंच तंटा लागला.

तंटा असा. केळफुलावर टिचकी मारली की माझं पान जाऊन त्याच जागी त्यांचं पान यायचं. मला ते पटेना. आलेलं माणूस एकदा माझ्या घरातून उठून गेलं की परत येतंय कशाला? मी म्हटलं, "विहीणबाई, तुमचं पान नव्या खिडकीत उघडलं पाहिजे, म्हणजे माझं जागेवर राहील." त्यांनाही ते पटलं. त्यांनी कुठंतरी जुन्या माहितीत शोधून काढलं की लुगड्यातच तशी सोय लिहिता येते. एक शब्द होता टार्गेट-न्यू. त्यापुढं टॅब लिहिलं की नवी खिडकी. आणि दुसरा शब्द टार्गेट-पोझिशन. त्यापुढं फ्रंट लिहिलं की नवं पान सगळ्यांच्या पुढं येऊन उभं राहतं, आणि बिहाइंड लिहिलं की आपण वाचतोय त्या पानाच्या मागं जाऊन थांबतं. मी म्हटलं, फ्रंट. यात विचारायचं काय? विहिणीला कुणी मागं बसवतं का? तर त्या म्हणाल्या, "बिहाइंड."

"अहो, असं कसं? लोक काय म्हणतील? लातूरच्यांनी विहिणीला पाठीमागं टाकलं!"

"लोक बघतात कुठं? बघणारी रेवा, ती तर सहा वर्षांची."

"म्हणून काय झालं? मुलीची आई हाय मी. मान मी राखायचा असतो."

"लातूर, ऐका माझं. ते पोरगं तुमचं भज्जीचं वाचायलंय. अर्ध्या भज्जीवर माझं केळफूल मधीच तोंडापुढं येऊन उभं राहिलं तर? भज्जी खाली लागती का न्हाई? म्हणून म्हणते, मागं उभी राहू द्या मला. तिचं वाचून झालं की ती येईल."

आता मला सांगा, हे पटण्यासारखं होतं की नव्हतं? पण मानपान माझ्या हाडात मुरलेलं. मी सकाळी उठून फायलीत फ्रंट लिहायची, संध्याकाळी त्या बिहाइंड करून ठेवायच्या. सकाळी मी परत फ्रंट. गंमत पुढंच आहे. लिंक काही केल्या नव्या खिडकीत उघडेचना! माझं पान जायचं आणि त्याच जागी त्यांचं यायचं, पहिल्यासारखंच. मला वाटायचं, विहीणबाईंनी माझं लिहिलेलं खोडलं. त्यांना वाटायचं, लातूरकरणीनं माझं खोडलं. मी फोनवर म्हटलं, "रुसायचं असलं तर तोंडावर रुसा, माझ्या पानाला हात लावू नका." त्या म्हणाल्या, "लग्नात रुसले न्हाई ते आता रुसू व्हय? अन् हात तुम्हीच लावू लागल्यात." मग आठवडाभर फोन बंद. लग्नात जे झालं नाही ते सगळं त्या आठवड्यात झालं. इकडं मी कुढत होते, तिकडं त्या. बटईवाल्याच्या बायकोनं विचारलंसुद्धा, "आक्का, नांदेडहून फोन न्हाई आला का? तोंड उतरलंय तुमचं."

शेवटी जयश्रीनं ती फाइल उघडून बघितली आणि दोघींना एकत्र फोन लावला. हसून हसून तिला बोलता येईना. "अगं आई, अहो आई... तुम्ही ज्या शब्दांवरून भांडताय ना, ते कुठल्याच ब्राउझरला कळत नाहीत. पूर्वी कधीतरी असं करावं का म्हणून ठरवाठरवी चालली होती, त्यातलं आहे हे. पुढं ते कुणी घेतलंच नाही. फ्रंट लिहा, बिहाइंड लिहा, तो वाचतच नाही."

मग विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे वऱ्हाड आलंच नव्हतं, अन् आपण पंगतीवरून भांडलो." त्यावर आम्ही तिघी जे हसलो... ते आज लिहितानाही कानात आहे. मी म्हटलं, "पण त्यानं सांगायचं तरी, की बाई मला कळलं न्हाई म्हणून." जयश्री म्हणाली, "त्याची रीतच तशी आहे आई. न कळलेली ओळ तो मुकाट्यानं सोडतो आणि पुढं जातो." विहीणबाईंना हे फार लागलं. "आमच्या एक्स्चेंजमधी असं न्हवतं. नंबर लागला न्हाई तर आम्ही सांगायचो, लागला न्हाई. माणूस ताटकळत तरी राहत न्हाई मग." मी चेष्टेनं म्हटलं, "बाईनं कुठं जायचं ते लुगड्यात लिहिलं तर कसं चालंल? ते बाई ठरवती." तर लगेच उत्तर, "असं कसं? माहेरी जायचं लुगडं येगळं, रानात जायचं येगळं. लुगडं बघूनच कळतं बाई कुठं निघाली."

मग जयश्रीनं दाखवलं तसं आम्ही लुगड्याचा नाद सोडून प्रत्येक लिंकच्या पोटातच एक शब्द घातला, आणि नवी खिडकी उघडायला लागली. पण ती पुढंच यायची. मागं थांबायची सोय त्यात नव्हती. म्हणजे बघा, जिंकले मीच. पण विहीणबाईंनी फायलीतली ती बिहाइंडची ओळ काही काढू दिली नाही. मी म्हटलं, "कशाला ठेवायची? उपयोग न्हाई." म्हणाल्या, "राहू द्या की. कुणाचं काय खाती? एखाद्या दिवशी शिकतील ते." आणि त्या ओळीवरून त्यांनी मला पुढं छळलं किती! फोन ठेवता ठेवता विचारायच्या, "काय लातूर, मला मागं बसायला जागा झाली का?" मी म्हणायची, "न्हाई अजून, पुढंच बसा गुमान."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला हे मागं राहायचं खूळ आलं कुठून? तेव्हा त्या एक्स्चेंजचं बोलल्या. कानाला ते हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. कुणाचा मुलगा हैदराबादेत, कुणाची लेक सासरी. म्हणाल्या, "दोघांची गाठ घालून दिली की आपला कान काढून घ्यायचा. पण एकदम न्हाई काढायचा. ह्याचा आवाज त्याला जातोय का, त्याचा ह्याला येतोय का, एवढं बघायचं, मग मागं सरायचं. त्यांना वाटतं, दोघंच हाव. तसंच वाटलं पाहिजे." वर म्हणाल्या, "लोकांचं पहिलं हॅलोच काय ते ऐकलं मी जन्मभर. पुढचं काही माहीत न्हाई बगा."

आणखी एक सांगायचं राहिलं. आमची पानं वाचत कोण होतं? आम्हाला वाटायचं, कॅनडात जयश्री वाचते, रेवा वाचते. एकदा जयश्री आली तेव्हा मी विचारलं, येळवशीचं नवं लिहिलंय ते बघितलंस का? पोरगी खोटं बोलणारी नाही. म्हणाली, "आई, सुरवातीला बघायचो गं. आता व्हिडिओ लावून करते, पटकन होतं." मला वाईट वाटलं, पण रागावू कशी, तिचीही धावपळ. विहीणबाईंना हे सांगावं की नाही, असं वाटत राहिलं. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत हाय की." "मग लिहिता कशाला?" "तुम्ही वाचता म्हणून." एवढंच. तेव्हापासून आमचा नेम उघडच झाला. सकाळी चहा झाला की मी माझं पान उघडायची, केळफुलावर टिचकी, त्यांनी काही नवं घातलंय का बघायची. त्या तिकडून भज्जीवर टिचकी. चुरमुऱ्यांचा सुशीला, येसराची आमटी, केळीच्या सालीची चटणी... पाककृती तर कधीच संपल्या होत्या. मग आम्ही काहीही लिहायचो. ‘आज दुधवाला आला नाही.’ ‘गुडघा बरा आहे.’ भाजीच्या पानावर गुडघा! कुणी तिसऱ्यानं वाचलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिसरं कुणी नव्हतंच.

शेवटची भेट झाली ती त्यांच्या घरी. हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. मी अहमदपूर, लोहा करत बसनं गेले, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन. मला बघून म्हणाल्या, "लातूर, आज लाइन सोडून सदेह?" दिवाणावर टेकून बसल्या होत्या, अंगानं निम्म्या झालेल्या. मी भाकरी केली. त्यांनी चटणीचं बोट चाटून बाजूला ठेवलं, तिखट बंद होतं. दुपारभर बोललो. निघताना मी म्हटलं, "येते." तर उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा हो, दारापर्यंत यायला मी काय पाहुणी हाय?" ऐकलं नाहीत. पण पुढं आल्या नाहीत, माझ्या मागून भिंतीला धरत आल्या. मी पायऱ्या उतरले, फाटकाची कडी लावली, रिक्षात बसले, तोवर दारात उभ्या होत्या. त्यांना बघायला मला मान वळवावी लागत होती...

दिवसकार्याला जयश्री आणि प्रशांतराव आले. रेवा आली. घर माणसांनी भरलं आणि तेराव्यानंतर रिकामं झालं. जाण्याच्या आदल्या दिवशी प्रशांतराव माझ्यापाशी बसले. फार गुणी माणूस, आईवर जीव होता. म्हणाले, "आई, तुमची दोन्ही पानं जुनी झालीत. मी एक छान तयार साइट घेतो. आईचं आणि तुमचं सगळं एकाच पानावर आणू. लिंकबिंक काही नको, खाली सरकत गेलं की सगळं दिसेल. मग आईचं जुनं पान बंद करून टाकू. तुम्ही फक्त मजकूर उचलून एका जागी द्या." त्यांचं चुकत नव्हतं. पोरानं आईची आठवण जपायचं म्हणूनच ते काढलं होतं. मी हो म्हटलं. पण बसमधे बसले आणि तेच डोक्यात घोळायला लागलं. एकाच पानावर आलं म्हणजे नांदेडला जाणं उरलं नाही. टिचकी मारायची नाही, तिकडं काय आहे बघायचं नाही. त्यांचं घर मोडून सामान माझ्या घरात आणून ठेवायचं... मला कळत होतं, की हे काम झालं की सकाळी करायला मला काही उरणार नाही.

घरी आले, तरी आठ-पंधरा दिवस मी कॉम्प्युटर उघडला नाही. जयश्रीचा फोन आला, "आई, झालं का गं मजकुराचं?" म्हटलं, करते. मग एका सकाळी बसले. आधी माझं पान घेतलं. मजकूर उचलायचा म्हणजे कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि सी दाबायचं, हे मला येतं. भज्जी उचलली, आंबील उचलली, उंडे उचलले. आता नांदेडकडं जायचं म्हणून केळफुलावर टिचकी मारली, तर काहीच झालं नाही. पान हललंच नाही. परत मारली. नाही. म्हटलं, प्रशांतरावांनी पान बंद केलं की काय? मला न विचारता? परत मारली, जोरात. जसं काही जोरात मारल्यानं उघडतं! माझी भज्जी समोर ढिम्म. मी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. आणि मग वर लक्ष गेलं. माझ्या पानाच्या नावाला लागून, वरच्या पट्टीत ओळीनं उभी होती, नांदेड, नांदेड, नांदेड.

डावा अंगठा बघितला. तो कंट्रोलच्या बटणावरच होता. उचललाच नव्हता मी. अंगठा काढून टिचकी मारली, तर पान पुढं आलं. अंगठा ठेवून मारली, तर मागं गेलं. परत काढून, परत ठेवून... लहान पोरीसारखी करत बसले. विहीणबाई, जे लुगड्यात लिहून भागलं नाही, जे कुणी ब्राउझरवाल्यानं ऐकलं नाही, ते माझ्या अंगठ्यात होतं की हो! एवढी वर्षं तुम्ही फोन ठेवताना विचारत राहिलात आणि मी सांगत राहिले, जागा झाली नाही म्हणून. मी फोन उचलला. तोंडावर शब्द आले होते, "नांदेड, बोला, जागा झाली." नावावर बोटही गेलं होतं. मग ठेवला फोन. कुणाला सांगू? हे ज्याला सांगायचं त्या एकाच माणसाला ते कळलं असतं. जयश्रीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "अगं आई, ते सगळ्यांनाच माहीत असतं."

त्याच संध्याकाळी मी प्रशांतरावांना फोन लावला. त्यांच्याकडं सकाळ. म्हटलं, "राव, एक मागते. दोन घरं दोनच राहू द्या." ते गडबडले, "का हो आई, काही अडचण आली का?" म्हटलं, "अडचण न्हाई. तुमच्या आईचं पान बंद करू नका, एवढंच. अन् लुगड्यातली एक ओळ हाय, बिनकामाची दिसंल तुम्हाला. तिला हात लावू नका." मग म्हणाले, "टार्गेट-पोझिशनची ना? आईनं मला ती दोनदा दाखवली होती. म्हणायची, हे काढलंस तर बघ." आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. मी फोन धरून राहिले. त्यांचा आवाज मला येत होता, माझा त्यांना जात असावा.

आता सकाळ अशी असते. चहाचा कप विसळून ठेवते. पान उघडते. अंगठा कंट्रोलवर ठेवते आणि केळफुलावर टिचकी मारते, एकदाच. माझं पान जागचं हलत नाही. वर लातूरला लागून नांदेड येऊन उभं राहतं, काही न बोलता. मी लगेच तिकडं जात नाही. गेलं तर काय दिसणार ते ठाऊक आहे. शेवटची ओळ ‘आज ऊन चांगलं आहे, लातूरला कसं?’ अशी आहे, आणि तिच्याखाली नवं काही येणार नाही. म्हणून मी माझंच लिहिते. आज मेथी महाग होती. गुडघा दुखतोय. पाठ ताठ करून बसते, लिहिते, आणि मागं वळून बघत नाही.